शोरूमला इंजिन काम : अंदाज पंचाहत्तर हजार, बिल सव्वा लाखाच्या घरात, पैसे भरल्याशिवाय ट्रॅक्टर सोडत नाहीत

कादवाकाठ (धागाकर्ता) | शुक्रवार, सकाळी ७:१०

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईने हवाय.

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग. अठ्ठावीस एचपीचा, तीन सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर आहे, ब्लोअरला (औषध फवारायचं यंत्र) आणि मधल्या मशागतीला तोच. ऑइल खायला लागला होता, ब्रिदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) धूर, ब्लोअर लावला की दम सोडायचा. गोडी छाटणीआधी (फळासाठीची छाटणी) काम उरकावं म्हणून हायवेवरच्या शोरूमला नेला. नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटायचंय. सर्व्हिसवाला तोंडी म्हणाला, "पूर्ण इंजिन काम आहे, सत्तर-पंचाहत्तर हजारात बसेल." वीस हजार ॲडव्हान्स फोनवरून टाकले.

काल बिल हातात आलं. पिस्टन-लायनर-रिंगचे तीन सेट १९,८००, मेन आणि कनरॉड बेअरिंग ६,४००, गॅस्केट सेट ४,९००, व्हॉल्व्ह-गाईड-सील ७,२००, ऑइल पंप ४,३००, क्लच प्लेट-प्रेशर प्लेट १६,५००, ऑइल-कूलंट-फिल्टर ५,९००. झाले ६५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ११,७००. बाहेरचं काम (क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, डिझेल पंप) १७,०००, मजुरी १६,०००, त्यावर जीएसटी ५,९४०. आणि "इतर साहित्य" १,५००. एकूण १,१७,१४०.

क्लचचं मला कोणी विचारलंच नाही. फोन नाही, मेसेज नाही. मी म्हणालो उरलेले द्राक्षाचे पैसे आल्यावर देतो, असं आपलं बोलणं झालं होतं. (बोलणं म्हणजे मी म्हणालो होतो आणि मॅनेजर "बघू" म्हणाले होते.) आता म्हणतात सगळे पैसे भरा, मग गेट पास.

छाटणी तोंडावर आहे. आभाळ रोज भरून येतंय. डाऊनी रोगाला ब्लोअरशिवाय कसं अडवायचं? त्यांना असा ट्रॅक्टर अडवून ठेवता येतो का, आणि पैसे कसे द्यावेत म्हणजे नंतर बोलायला जागा राहील?

---

येवलेकर | ७:३४

"बघू" म्हणजे नाही. लग्नाच्या बैठकीत पण आणि शोरूमला पण.

---

जुना पाना | ८:०२

दादा, चाळीस वर्षं पाना धरलाय म्हणून बोलतो. बिलातले आकडे मला फार फुगवलेले वाटत नाहीत. घोटाळा आकड्यांत नाही, पद्धतीत आहे.

इंजिन उघडल्याशिवाय खरा अंदाज कोणालाच देता येत नाही. वरून धूर दिसतो. आत क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं तो भाग) किती झीज आहे, हेड वाकलंय का, हे मायक्रोमीटर आणि स्ट्रेट एज लावल्यावरच कळतं. क्रँक स्टँडर्ड असेल आणि मापात असेल तर नुसतं पॉलिश करून नवीन बेअरिंग बसतं. चरे पडले असतील तर ग्राइंडिंग, आणि मग पॉइंट पंचवीस नाहीतर पॉइंट पन्नास मिलिमीटरचं अंडरसाइज बेअरिंग. तिथे खर्च हलतो. म्हणून काम दोन टप्प्यांत द्यायचं असतं. आधी फक्त "खोलणे आणि माप घेणे", त्याची मजुरी ठरवून. मापं जॉबकार्डावर लिहून घ्यायची, त्यावर लेखी अंदाज, तुमची सही, आणि मगच पार्ट मागवायचे.

तुम्ही आता एवढं करा. जुने पार्ट मागा. सगळे. लायनर, पिस्टन, बेअरिंगच्या वाट्या, क्लच प्लेट. आणि नव्या पार्टचे डबे. क्लच प्लेट बघितली की कळेल बदलायला झाली होती की नव्हती. रिव्हेटपर्यंत घासली असेल तर त्यांनी तुमचं भलंच केलंय. इंजिन उतरवलेलं असताना क्लच बदलणं शहाणपणाचंच, नंतर तेवढ्यासाठी ट्रॅक्टर पुन्हा मधून तोडायला लागतो. पण विचारायला पाहिजे होतं. ते चुकलंच.

---

मोहाडीकर | ८:४०

दादा, बिलाचा फोटो टाका ना, नाव झाकून. आमच्याकडचे हिशेब मी बघते, म्हणून सांगते : पार्टच्या रकमा एमआरपीच्या आहेत का ते आधी तपासा. डब्यावर छापलेल्या एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात. एमआरपी लावून वर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. आमच्या रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सला हाच प्रकार झाला होता. विचारल्यावर "सॉफ्टवेअरने लावला" म्हणाले. सॉफ्टवेअर बिचारं.

---

कादवाकाठ | ९:१५

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. डबे मागतो. काका, जुने पार्ट त्यांनी भंगाराच्या ड्रमात टाकलेत म्हणे, पण ड्रम तिथेच आहे.

---

वर्कशॉप फ्लोअर | १०:२०

मी एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये काम करतो (तुमच्या नाही, निश्चिंत राहा). दुसरी बाजू पण ऐका.

आमच्या शेडमागे उघडून ठेवलेले ट्रॅक्टर असतात, मालक फिरकतच नाही. कांद्याला भाव आला की देतो, द्राक्ष निघाले की देतो. पार्ट डीलरला कंपनीकडून उधार मिळत नाहीत, पैसे आधी भरावे लागतात. क्रँकवाला, पंपवाला रोख मागतो. ट्रॅक्टर एकदा गेटबाहेर गेला की फोन उचलत नाहीत, हा अनुभव आहे. म्हणून गेट पासची सिस्टीम आली. मालकाला तुमच्याशी वैर नसतं.

पण अंदाजापेक्षा खर्च वाढतोय असं दिसलं की काम थांबवून ग्राहकाला कळवायचं, हा नियम आमच्याकडे भिंतीवर लावलाय. सीझनला मेकॅनिक कमी, ट्रॅक्टर जास्त, सुपरवायझर म्हणतो टाकून दे, नंतर सांगू. तिथून भांडण सुरू होतं. तुम्हाला फोन केला नसेल तर क्लचच्या बाबतीत तुमची बाजू भक्कम आहे.

ताईंचा मुद्दा बरोबर. एमआरपीवर कर लावलेला असेल तर तो काढावाच लागतो, फक्त अकाउंटंटकडे जा, सर्व्हिस काउंटरवर वाद घालून उपयोग नाही.

---

चांदवड रोटाव्हेटर | १०:४८

भाऊ, शोरूमला नेलाच कशाला? गावातला मिस्त्री हेच काम अर्ध्या मजुरीत करतो.

---

जुना पाना | ११:०५

करतो ना. आणि डिझेल पंप कुठल्या बेंचवर लावतो ते पण विचार एकदा. पंपाचं कॅलिब्रेशन अंदाजाने करणारे मी पाहिलेत. काळा धूर आणि डिझेलचा खप, दोन्ही वाढवून देतात. चांगला मिस्त्री असेल तर जरूर द्या, वाईट शोरूमपेक्षा तो बरा. पण बिल मागितलं तर तो तुमच्याकडे असा बघेल, जसं काही त्याची जमीन मागितली.

---

सीबीएसचा काळाकोट | दुपारी १२:३०

कोर्टातून जेवायला बाहेर पडलोय, तेवढ्यात लिहितो. प्रश्न दोन आहेत, ते वेगळे ठेवा.

पहिला : अडवून ठेवता येतो का? येतो, पण कसाही नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७०. ज्याने तुमच्या वस्तूवर श्रम किंवा कसब खर्च केलंय, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते. कायद्यातच दोन उदाहरणं आहेत. जवाहिऱ्याकडे कच्चा हिरा पैलू पाडायला दिला, त्याने काम केलं, तर मजुरी मिळेपर्यंत हिरा तो ठेवू शकतो. दुसरं शिंप्याचं. कापड दिलं, कोट शिवून झाल्या झाल्या देईन आणि पैशाला तीन महिन्यांची मुदत देईन असं शिंप्याने कबूल केलं, तर मात्र त्याला कोट अडवता येत नाही.

म्हणजे तुमचं सगळं त्या "बघू"वर अडलंय. मॅनेजरने "द्राक्षाचे पैसे आल्यावर द्या, चालेल" असं कबूल केलं असतं आणि त्याचा मेसेज असता, तर तुम्ही शिंप्याच्या उदाहरणात बसलात असतात. आत्ता हिऱ्याच्या उदाहरणात आहात. व्हॉट्सॲप नीट बघा, ॲडव्हान्स दिला त्या दिवशीचं काही लिहिलेलं आहे का.

क्लचचं वेगळं. न सांगितलेल्या कामाचे पैसे मागण्यालाच आधार नाही, मग अडवणं दूरच, असं म्हणता येईल. पण गेटवरचा वॉचमन कलम वाचत नाही. तुमची बाग कोर्टाच्या तारखेपर्यंत थांबणार नाही.

म्हणून दुसरा प्रश्न : कसे द्यायचे? हरकत नोंदवून द्या. बिलाच्या दोन्ही प्रतींवर स्वतःच्या हाताने लिहा : "क्लचचे रु. इतके व त्यावरील कर मला मान्य नाहीत, पूर्वपरवानगी घेतलेली नाही, ट्रॅक्टर शेतीकामासाठी तातडीने हवा असल्याने हक्क राखून रक्कम भरत आहे." तारीख, सही. प्रत घ्यायला नकार दिला तर तोच मजकूर त्यांच्या ईमेलवर आणि व्हॉट्सॲपवर, पैसे भरण्याच्या आधी. मुकाट्याने भरलं तर नंतर ते म्हणतील, साहेबांना मान्य होतं म्हणून भरले.

---

कादवाकाठ | १२:५५

वकीलसाहेब, उपकार झाले. मेसेज पाहिला. माझा मेसेज आहे, "बाकी द्राक्षावर देतो". त्यावर त्यांचा अंगठा. 👍

---

येवलेकर | १:०१

या अंगठ्यावर वकिलांचे दोन पावसाळे निघतील.

---

सीबीएसचा काळाकोट | १:२०

हसू नका. तो अंगठा जपून ठेवा, स्क्रीनशॉट घ्या, चॅट डिलीट करू नका. त्यावर जिंकाल असं मी म्हणत नाही. बोलणी करताना मात्र कामाला येईल.

---

सोसायटी सचिव | २:१०

पैशाच्या सोयीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना पिकाच्या कर्जदराप्रमाणे येणाऱ्या रकमेवर १० टक्के घरखर्च आणि काढणीनंतरच्या खर्चासाठी, आणि २० टक्के शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी धरलेले असतात. म्हणजे ट्रॅक्टर दुरुस्तीला त्या खात्यातून पैसे उचलणं हे काही चोरून केलेलं काम नाही, ते त्यातच धरलंय. बरेच जण कार्डाचे पैसे औषध-खताला संपवतात आणि इंजिन कामाला खासगीत दोन-तीन टक्के महिन्याने उचलतात. आधी पासबुक बघा, मर्यादा शिल्लक आहे का.

---

चांदवड रोटाव्हेटर | २:२५

सचिव साहेब, बागाईतदारांचं बोलताय. आमची मर्यादा जूनमध्येच संपते.

वकीलसाहेब, माझा प्रश्न. मी ट्रॅक्टर भाड्याने मारतो, गावात रोटा, पेरणी. मला ग्राहक मंच चालतो का? मागे एकाने सांगितलं, धंदा असेल तर नाही चालत.

---

सीबीएसचा काळाकोट | रात्री ९:४०

मंच नाही, आता आयोग म्हणतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. व्यावसायिक हेतूने घेतलेली सेवा त्यात बसत नाही, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून केलेला वापर व्यावसायिक धरत नाहीत. स्वतःच्या शेतात चालवणारा शेतकरी त्यात बसतो. तुम्ही स्वतः एक ट्रॅक्टर चालवून पोट भरत असाल तर तुम्हीही मांडू शकता. चार ट्रॅक्टर आणि पगारी ड्रायव्हर असतील तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो मुद्दा काढणार.

धागाकर्त्यासाठी : दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला फी नाही. वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. ज्या जिल्ह्यात तुम्ही राहता तिथेच करता येते, डीलरच्या गावी जायची गरज नाही, आणि ऑनलाइनही होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून बघा. फुकट आहे, कधी कधी तेवढ्यानेच डीलर फोन करतो. सेवा दिल्यावर बिल न देणं हासुद्धा या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतो. कच्च्या कागदावर आकडा लिहून देणारे असतील त्यांच्यासाठी सांगतोय.

---

मोहाडीकर | ९:५८

अजून एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचा जीएसटी १२ वरून ५ झाला, हे सगळ्यांना माहितीय. पण टायर-ट्यूब आणि ट्रॅक्टरचे ठरावीक भागही १८ वरून ५ वर आले : क्लच असेंब्ली, गिअरबॉक्स, ब्रेक, रेडिएटर, सायलेन्सर वगैरे. सगळेच पार्ट आलेत असं नाही, म्हणून प्रत्येक ओळीसमोरचा एचएसएन कोड (मालाचा प्रकार सांगणारा नंबर) आणि दर बघायचा. दादांच्या बिलात सरसकट १८ टक्के लावलाय, क्लचलाही. मजुरीवर १८ आहे, ते बरोबर.

---

वर्कशॉप फ्लोअर | १०:१५

ताई, तुम्ही आमच्याकडे अकाउंटला या.

---

मोहाडीकर | १०:१८

पगार सांगा आधी. 🙂

---

द्राक्ष ओझर | शनिवार, सकाळी ६:५०

पैसे देण्याआधी ट्रायल घ्या हो. रोटाव्हेटर लावून अर्धा तास पूर्ण लोडवर फिरवा, मगच खिशात हात घाला. आम्ही तसंच करतो.

---

जुना पाना | ७:१५

असं अजिबात करू नका! नवीन रिंग-लायनर आहेत. पहिल्याच दिवशी पूर्ण लोड दिला तर रिंग बसायच्या आधीच तापून लायनरला चरे पडू शकतात, आणि मग आयुष्यभर ऑइल पीत राहील. ट्रायल घ्यायची, पण अशी :

थंड इंजिन एका झटक्यात सुरू होतं का बघा. ऑइल प्रेशरचा दिवा लगेच विझला पाहिजे. पंधरा-वीस मिनिटं मध्यम रेसवर चालू द्या, मग ब्रिदरच्या तोंडाशी हात धरा. थोडी वाफ चालेल, भकाभक धूर नको. रेडिएटरचं झाकण थंड असताना उघडून बुडबुडे येतात का पाहा, येत असतील तर हेड गॅस्केट नाहीतर हेडचीच भानगड आहे. बेल हाउसिंगच्या (इंजिनमागचा क्लचचा डबा) खालून ऑइल ठिपकतंय का, म्हणजे मागचं सील. पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) टाकून ब्लोअर नुसता फिरवा, क्लच थरथरतो का. यार्डात गिअर सगळे टाकून बघा. एवढं झालं की अवर मीटरचा (इंजिन किती तास चाललं तो) आकडा बिलावर लिहून घ्या. पुढे वॉरंटीचं भांडण झालं की तोच आकडा लागतो.

आणि कामाची वॉरंटी लेखी घ्या, किती महिने किंवा किती तास. तोंडी "काही झालं तर आम्ही आहोत ना" म्हणणारा माणूस दिवाळीनंतर दुसऱ्या शोरूमला असतो.

---

द्राक्ष ओझर | ७:३०

काका, आमचे दोन ट्रॅक्टर असेच चालवले, काही झालं नाही.

---

जुना पाना | ७:३३

ऑइल किती टाकता वरून?

---

द्राक्ष ओझर | ७:४१

…टाकतो थोडं.

---

कादवाकाठ | शनिवार, रात्री ८:२०

आज जाऊन आलो, चुलतभावाला सोबत घेऊन. सविस्तर सांगतो.

आधी भंगाराचा ड्रम. लायनरला वरच्या बाजूला बोट अडकेल एवढा ओठ झालेला, बेअरिंगच्या वाट्यांतून तांबं दिसत होतं. ते काम लागणारच होतं, वाद नाही. क्लच प्लेट सापडली. घासलेली आहे, पण रिव्हेट अजून खोल आहेत. सुपरवायझर म्हणाला "सीझन निघाला नसता". मी म्हणालो निघाला असता की नसता हे मला विचारायचं होतं.

डबे : पिस्टन सेट, बेअरिंग, गॅस्केट आणि क्लचचे मिळाले. चारही डब्यांवर एमआरपी आणि बिलातली रक्कम तंतोतंत तीच. म्हणजे ४७,६०० च्या मालावर ८,५६८ जीएसटी फुकटचा लावलेला. ताईंनी सांगितल्याप्रमाणे थेट अकाउंटंटकडे गेलो. तो माणूस काही बोलला नाही, डबे बघितले, बिल बघितलं, आणि नवीन बिल काढलं. बाकीच्या पार्टचे डबे नव्हते म्हणून तिथला कर तसाच राहिला. "इतर साहित्य" म्हणजे काय विचारल्यावर कापडी चिंध्या आणि डिझेल म्हणाले, मग तेही काढलं. नवीन बिल १,०७,०७२.

उधारीवर मालक आले. अंगठा दाखवला. ते म्हणाले, अंगठा म्हणजे मेसेज मिळाला. मी म्हणालो मग बाकीच्या ग्राहकांना पण असंच समजू दे का. थोडं गरम झालं, मग चहा आला. शेवटी ठरलं ते असं : ॲडव्हान्स धरून आज ९०,००० पूर्ण करायचे, उरलेले १७,०७२ जानेवारीअखेर. हे त्यांच्या लेटरहेडवर लिहून घेतलं. क्लचची हरकत मी बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहिली, मालकांनी तोंड वाकडं केलं पण शिक्का मारला. सत्तर हजार एनईएफटीने टाकले, शनिवार असूनही तासाभरात गेले. इंजिन कामाला सहा महिन्यांची वॉरंटी लेखी. काकांनी सांगितलेली ट्रायल घेतली. ब्रिदर ठीक, सील कोरडं.

ट्रॅक्टर घरी आहे. सोमवारपासून छाटणी.

---

सीबीएसचा काळाकोट | ८:४५

आज हरकत एक आणि लेखी मुदत एक, दोन्ही हातात आहेत. म्हणजे जानेवारीत १७,०७२ भरायच्या आधी क्लचचं बोलून घ्या. पैसे तुमच्या खिशात असताना बोलणं सोपं जातं.

---

वर्कशॉप फ्लोअर | ९:०५

मालकाने शिक्का मारला म्हणजे माणूस बरा आहे. जानेवारीत वेळेवर द्या दादा, नाहीतर पुढच्या शेतकऱ्याला तो चहा पण मिळणार नाही.

---

चांदवड रोटाव्हेटर | ९:३०

पानावाले काका, इंजिन काम झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा आवळायला लागतात ना? का आता नवीन गॅस्केटला गरज नाही?

---

जुना पाना | ९:५२

मॉडेलवर आहे. काही गॅस्केटला कंपनी नाही म्हणते, तिथे हात लावू नका. ज्यांना सांगितलंय त्यांना साधारण पन्नास तासांनी टॉर्क पान्याने, मधून बाहेर क्रमाने, आणि मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा सेट. पहिलं ऑइल मात्र सगळ्यांनीच पन्नास तासांना बदला, त्यात नव्या रिंगांचा कीस असतो. कादवाकाठ, तुमच्या शोरूमला विचारा ते ऑइल बिलात धरलंय का. बहुतेक नसेल.

---

कादवाकाठ | १०:१०

नाहीये. आताच बघितलं.